घरचे मांजर आणि आवारातील विषारी झाडे



बैलांच्या निगेविषयी, गाईम्हशींच्या खाण्यापिण्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो, वाचतो. चुलीपाशी अंग चोरून बसणाऱ्या मांजराविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. मांजर दूध देत नाही, औत ओढत नाही, बाजारात त्याला भाव नाही. ते मेले तर शेजारीसुद्धा विचारपूस करायला येत नाहीत. पण ज्या घरात दादर भरलेली आहे, कोपऱ्यात बाजरीची पोती आहेत, खोलीत वेचलेला कापूस रचून ठेवला आहे, त्या घरच्या बाईला विचारा. मांजर गेल्यावर आठ दिवसांत उंदीर पोती कुरतडू लागतात. माणूस धान्य साठवू लागला तेव्हापासून मांजर त्याच्या घराशी आले, आणि खानदेशातल्या धाब्याच्या घरांत ते आजही आपली चाकरी बजावत असते. या चाकराला आपल्याच आवारात कोणता धोका असतो, आणि तो कसा टाळावा, हे आज आपण पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. बोरी नदीच्या काठच्या एका गावात आमचे घर होते. आखाजी तोंडावर आली होती. माहेरवाशिणी येणार, निंबाला झोके बांधायचे, म्हणून आवाराची साफसफाई चालली होती. दारावर ओणवलेली कण्हेर वडिलांनी छाटली आणि फांद्यांचा ढीग अंगणाच्या कडेला टाकला. आमच्याकडे एक कबरी मांजरी होती. माळ्यावर तिची तीन पिले होती. त्या संध्याकाळी ती दोनतीनदा ओकली. तोंडातून लाळ गळत होती. मग ती भिंतीला टेकून बसली आणि उठेनाशी झाली. पहाटे ती मेलेली सापडली.

शेजारच्या काकूंनी धान्यात उंदरांचे औषध ठेवले होते, हे सगळ्या आळीला ठाऊक होते. आईने भिंतीपलीकडे ऐकू जाईल असे नको ते बोलून घेतले. काकू म्हणत होत्या, "मी काही करेल नही, बाई." पण ऐकतो कोण? त्या आखाजीला दोन्ही घरच्या मुली एका झोक्यावर बसल्या नाहीत. पुढे पंधरा दिवसांनी बैल दाखवायला बोलावलेले पशुवैद्य ओसरीवर चहा घेत बसले असता मांजरीचा विषय निघाला. त्यांनी विचारले, "ओकारीत काय पडले होते?" आई म्हणाली, "हिरवे लांब तुकडे होते. मला वाटले, नेहमीसारखे गवत खाल्ले असेल." पशुवैद्यांनी कुंपणाकडे बोट केले आणि म्हणाले, "असे तुकडे का?" आईने कण्हेरीचे पान हातात घेतले आणि ती गप्प झाली. त्याच संध्याकाळी ती काकूंकडे गेली. दोन्ही घरांचे येणेजाणे पुन्हा सुरू झाले, पण बोललेला शब्द काही परत येत नाही. आणि तीन पिलांपैकी दोन तोवर दुधावाचून गेली होती.

ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची नाही. गावात मांजर मेले की आपण सापाचे नाव घेतो, कुत्र्याचे घेतो, नाही तर शेजाऱ्याचे घेतो. कुंपणावर फुललेल्या झाडाचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

आता पहिला प्रश्न असा, की मांजर तर मांस खाणारा प्राणी. ते पाला खातेच कशाला? आपल्याकडे समज असा, की पोट बिघडले म्हणजे मांजर गवत खाते आणि ओकून मोकळे होते. यात थोडे तथ्य आहे, पण पुरते नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी हजाराहून अधिक मांजरमालकांना याविषयी प्रश्न विचारले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक मांजरे गवत किंवा पाला खाताना दिसतात. खाण्यापूर्वी ती आजारी असल्याचे क्वचितच आढळते. आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारी मांजरे साधारण चौथा हिस्साच असतात. म्हणजे पाला चघळणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे. रानातल्या पूर्वजांना आतड्यातील जंत बाहेर टाकायला त्याचा उपयोग होत असावा, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. याचा आपल्यासाठी अर्थ इतकाच, की मांजराला हिरवे खाण्यापासून आपण रोखू शकणार नाही. त्याच्या तोंडाशी कोणते हिरवे यावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

आणि इथेच आपल्या खानदेशचा प्रश्न वेगळा होतो. पावसाळ्यात बांधावर, वाटेवर, परसात हवे तेवढे गवत असते. मांजर हरळीची कोवळी पाती खाते आणि आपल्या वाटेने जाते. पण वैशाखात काय होते? जळगाव-धुळ्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. गवत वाळून पिवळे पडते. शेळ्या-गुरे आवारातला उरलासुरला पाला ओरबाडून नेतात. मग हिरवे काय राहते? कण्हेर राहते, रुई राहते, शेर आणि घाणेरी राहते. ही झाडे हिरवी राहतात, याचे एक कारण म्हणजे ती कोरड्या हवेत टिकाव धरतात, आणि दुसरे कारण म्हणजे गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून तर आपण ती कुंपणाला लावतो. मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातसुद्धा म्हणूनच कण्हेर लावलेली दिसते. थोडक्यात, भर उन्हाळ्यात आपल्या आवारात जे हिरवे उरते, ते बहुधा विषारी असते. आणि हिरव्याच्या शोधात फिरणाऱ्या मांजरासमोर तेवढेच उरलेले असते. ही एक गोष्ट ध्यानात राहिली, तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.

गुरांना विषारी पाला कळतो, मग मांजराला का कळू नये? गाय-शेळी जन्मभर पाल्यावर जगते. आईमागे फिरताना कोणता पाला टाळायचा हे ती शिकते, आणि तिच्या शरीरालाही वनस्पतींतील विषे पचवण्याची सवय असते. मांजराचे तसे नाही. त्याचे यकृत मांस पचवण्यासाठी घडले आहे. वनस्पतींतील आणि औषधांतील कित्येक द्रव्ये निकामी करणारी जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार अधू असते. म्हणूनच तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. दुसरे कारण वजनाचे. बैल चारशे किलोचा, तर गावठी मांजर तीन-साडेतीन किलोचे. बैलाला जेथे मूठभर पाला लागेल, तेथे मांजराला एखाददुसरे पान पुरते. तिसरे कारण त्याच्या स्वच्छतेच्या सवयीचे. मांजर दिवसातून कितीतरी वेळ अंग चाटत असते. अंगाला लागलेला चीक, फुलातले पराग, फवारणीचे औषध, सारे याच वाटेने पोटात जाते. म्हणजे झाड न खाताही मांजराला झाडाचे विष बाधू शकते.

आता झाडांची ओळख करून घेऊ. सरसकट नावांची यादी पाठ करण्यापेक्षा, कोणते झाड शरीराच्या कोणत्या भागावर घाव घालते हे समजून घेतले, तर लक्षात ठेवणे सोपे जाते.

पहिला वर्ग हृदयावर घाव घालणाऱ्या झाडांचा. यांत अग्रमान कण्हेरीचा. लाल असो, पांढरी असो वा गुलाबी. पान, फूल, साल, मूळ, सारेच विषारी. पान वाळले तरी विष जात नाही. ज्या तांब्यात कण्हेरीची फुले ठेवली त्यातील पाणीही मांजराने पिऊ नये. कण्हेरीच्या विषाने हृदयाचे ठोके मंदावतात, मध्येच चुकतात आणि शेवटी बंद पडतात. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची जी पिवळी कण्हेर आपण महादेवाला वाहतो आणि जिच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात, तीही याच कुळातील. तिच्या बियांत विष सर्वांत तीव्र असते. रोपवाटिकेतून हल्ली हौसेने आणतात ते बुटक्या जाड खोडाचे, गुलाबी फुलांचे अडेनियम हे कण्हेरीचेच भावंड समजा. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो त्या रुईच्या चिकातही हृदयाला बाधणारे द्रव्य असते. शिवाय तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मुतखड्यावर औषध म्हणून कुंडीत लावलेली पानफुटी माणसांच्या उपयोगाची म्हणून आपण निर्धास्त असतो, पण मांजराच्या हृदयाला तीही घातक आहे.

दुसरा वर्ग मूत्रपिंडावर घाव घालणाऱ्यांचा, आणि यात एकच मोठा शत्रू आहे: लिली. इथे नावाचा घोटाळा समजून घ्यायला हवा. पहिल्या पावसाबरोबर आपल्या परसात उगवणारी पांढरी-गुलाबी पावसाळी लिली निराळी. तिच्या कंदाने ओकाऱ्या होतात, पण ती मूत्रपिंडे निकामी करीत नाही. खरी लिली म्हणजे लग्नसमारंभाच्या गुच्छांतून आणि फुलांच्या दुकानांतून येणारी मोठ्या पाकळ्यांची, उग्र वासाची, तपकिरी पराग असलेली लिली. कुत्र्याने ती खाल्ली तर त्याचे पोट बिघडते, बस्स. पण मांजराने एखादे पान चावले, किंवा अंगावर सांडलेले पराग चाटले, तरी एक ते तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी १९९० नंतरच्या दशकात प्रथम नीट नोंदवले. असे का होते, कोणत्या द्रव्याने होते, याचा पुरता उलगडा झालेला नाही. उपाय मात्र ठरलेला आहे: पहिल्या अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झाले, तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. लग्नघरातून आणलेला गुच्छ कौतुकाने कपाटावर ठेवण्यापूर्वी हे आठवावे. मांजर कपाटावर चढते, हे सांगायला नको.

तिसरा वर्ग विषारी बियांचा. बांधावरचा एरंड, कुंपणाची चंद्रज्योत म्हणजे मोगली एरंड, आणि वेलीवरची लालकाळी गुंज. एरंडाची आणि गुंजेची बी अख्खी गिळली तर कवच कठीण असल्याने ती कित्येकदा तशीच बाहेर पडते. पण चावून फुटली म्हणजे आतले विष पोटात जाते. मोठे मांजर या बियांच्या वाटेला सहसा जात नाही. पिले मात्र जमिनीवर घरंगळणाऱ्या कोणत्याही वस्तूशी खेळतात आणि ती चावून पाहतात. केळीच्या बागेसाठी आणलेली एरंडीची पेंड उघड्यावर ठेवू नये. तिच्या वासाने विशेषतः कुत्री ओढली जातात आणि प्राणाला मुकतात.

चौथा वर्ग तोंड भाजणाऱ्यांचा. मनी प्लांट, पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे डिफेनबाकिया, आणि आपले अळू. अळूची भाजी करताना चिंच कशासाठी घालतात, हे आपल्या भगिनींना ठाऊकच आहे; नाही तर घसा खवखवतो. अळूच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडात टोचतात. मांजराचेही तसेच होते. लाळ गळते, ते पंजाने तोंड पुसत राहते, खाणे टाकते. दिसायला हे भयंकर असले, तरी या झाडांनी सहसा जीव जात नाही. शेराचा आणि निवडुंगाचा चीकही असाच कातडी आणि डोळे भाजतो.

याखेरीज तीन नावे वेगळी सांगतो. धोतऱ्याने मेंदू भ्रमतो; डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडे पडते, मांजर झोकांड्या खाते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात फुलणारी, ज्योतीसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फार विषारी आहे. तिचा कंद तर अधिकच. फूल सुंदर दिसते म्हणून तो उपटून आणून परसात लावू नका. आणि बंगल्यांच्या, बँकांच्या, कचेऱ्यांच्या दारात हल्ली दिसणारे, खजुरासारख्या कडक पानांचे सायकस यकृतावर घाव घालते.

इतकी नावे ऐकून कोणी म्हणेल, मग आवार उजाड करायचे की काय? मुळीच नाही. जास्वंद, मोगरा, गुलाब आणि आपली केळ यांच्यापासून मांजराला भय नाही. विषारी झाडेही सगळी तोडण्याचे कारण नाही. कण्हेर पूजेला लागते, कुंपणाला लागते, आणि पाणी नसताना ती फुलते हा तिचा मोठा गुण आहे. उभे, वाढलेले, कडक पानांचे कण्हेरीचे झाड मांजर सहसा खातही नाही. धोका तीन वेळी वाढतो. पहिली वेळ छाटणीची. कोवळे शेंडे जमिनीवर येतात, वाऱ्याने हलतात, मांजर खेळायला धावते आणि खेळता खेळता चावते. आमच्या घरी झाले ते हेच. म्हणून छाटलेला पाला त्याच दिवशी उचलून खड्ड्यात पुरावा. कण्हेर चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये. तिचा धूरही बाधतो. दुसरी वेळ निर्माल्याची. देवावरची फुले आणि धोतऱ्याची फळे ताटलीत कोपऱ्यावर ठेवण्याची आपल्याला सवय असते. ती झाकून ठेवावीत, किंवा लगेच मातीत घालावीत. तिसरी वेळ मांजर घरात कोंडले जाण्याची. आपण लग्नाला दोन दिवस बाहेर जातो, दार लावून घेतो, आत कुंडीतला मनी प्लांट तेवढा हिरवा असतो. तेव्हा अशा कुंड्या छताला टांगाव्यात किंवा बाहेर काढाव्यात.

आता सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी उपाय. मांजराला त्याचे स्वतःचे हिरवे द्या. नवरात्रात घटाभोवती आपण गहू पेरतो आणि ते कसे तरारून वर येतात, हे लहान मुलालाही माहीत आहे. तसेच एखाद्या फुटक्या मडक्याच्या खापरात, जुन्या टोपलीत किंवा डब्याच्या झाकणात चार बोटे माती घ्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून पेरा. सावलीत ठेवा, पाण्याचा हबका मारत राहा. आठवड्याभरात चार बोटे उंचीचे गवत तयार होते. ते मांजराच्या बसण्याच्या जागेजवळ ठेवा. ते पिवळे पडू लागले की दुसरे पेरा. फाल्गुनापासून मृगापर्यंत हे चालू ठेवले म्हणजे झाले. ज्यांच्याकडे रांजणाखाली पाणी ठिबकते, त्यांनी तेथे हरळी लावावी. गणपतीला दूर्वा होतील आणि मांजराला पाती.

यात दोन चुका मात्र टाळा. पहिली चूक ज्वारी पेरण्याची. आपला मुलूख ज्वारीचा; घरात हाताशी असते ती दादर. पण कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणातल्या ज्वारीत, विष तयार होते. ज्वारीची किरळ खाऊन गुरे तडफडून मेलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. जे बैलाला बाधते ते मांजरासमोर ठेवू नये. गहूच घ्यावा. दुसरी चूक बियाण्याच्या पिशवीतील गहू पेरण्याची. त्या बियाण्याला बुरशीचे किंवा किडीचे औषध चोळलेले असते. त्याचा रंगच ते सांगतो. दळणासाठी निवडलेला घरचा गहू घ्यावा. त्याचप्रमाणे तणनाशक फवारलेल्या बांधावरचे गवत उपटून मांजराला किंवा सशाला घालू नये.

इतके करूनही मांजराला विषबाधा झालीच, तर? प्रथम ती ओळखावी कशी ते पाहू. एकाएकी लाळ गळणे, वारंवार ओकणे, कोपऱ्यात लपून बसणे, चालताना तोल जाणे, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या राहणे, ही लक्षणे दिसली की शंका घ्यावी. मांजराच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे छातीवर बोटे ठेवली तर हृदयाचे ठोके लागतात. निरोगी मांजराचे ठोके मिनिटाला दीडशे ते दोनशेच्या आसपास असतात. ते शंभराच्या खाली आले, किंवा मध्येच चुकू लागले, तर कण्हेरीचा संशय धरावा आणि क्षणाचाही वेळ घालवू नये. लिली खाल्लेले मांजर पहिल्या दिवशी ओकते, मग थोडे बरे वाटल्यासारखे दिसते. या बरे वाटण्याला फसू नये. आतून मूत्रपिंडे बिघडतच असतात.

मग करायचे काय? मांजराला जाड टॉवेलात किंवा पोत्यात गुंडाळून धरावे, म्हणजे ते ओरबाडणार नाही. अंगाला चीक किंवा पराग लागले असतील, तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन काढावेत. तोंडात पाल्याचे तुकडे दिसत असतील, तर ओल्या फडक्याने अलगद पुसून घ्यावेत. ज्या झाडाचा संशय आहे त्याची एक डहाळी आणि ओकारीतले तुकडे पिशवीत घालून बरोबर न्यावेत. किती वाजता खाल्ले, किती वाजता ओकले, हे आठवून ठेवावे. आणि सरळ जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी. दवाखाना लांब असेल, तर आधी फोन करून तेथे डॉक्टर आहेत का, हे विचारून घ्यावे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक मुख्यतः गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्यांसाठी आहे. जवळ डॉक्टर कोठे आहेत, याची विचारणा तेथेही करून पाहावी.

आणि काय करू नये? आपल्या घरगुती उपायांपैकी बहुतेक सगळे करू नयेत, असेच सांगावे लागते. मिठाचे पाणी पाजून ओकवू नका. ते मीठच मांजराला मारते. दूध, ताक, तूप किंवा तेल बळेच तोंडात ओतू नका. दुधाने विष उतरते हा समज जुना असला, तरी खरा नाही. ग्लानीत असलेल्या जनावराच्या घशात ओतलेले द्रव फुप्फुसात जाते आणि विषाने न मेलेले मांजर त्या उपायाने मरते. माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. मांजराला घरी सुरक्षितपणे ओकवण्याचा एकही मार्ग नाही; ते काम डॉक्टरांचे आहे.

आता चार शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. मांजराचे निमित्त करून आपण मुलांना फार मोठा धडा देऊ शकता. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले, अशा बातम्या महाराष्ट्रात वारंवार येत असतात. कित्येकदा ते झाड शाळेच्या कुंपणालाच असते. चौथी-पाचवीच्या वर्गाला एक नोंदवही करायला सांगा. प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या आवारातली झाडे लिहावीत: झाडाचे आपल्या बोलीतले नाव, पुस्तकातले नाव, गुरे ते खातात का, चीक येतो का, घरात ते कशासाठी लावले आहे. घरच्या आजीला विचारून लिहावे. कोणत्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, हे आजीइतके कोणाला ठाऊक नसते. पान तोडताना चीक हाताला लागू देऊ नये, चव कोणी पाहू नये, आणि शेवटी सर्वांनी हात धुवावेत, एवढी शिस्त पाळावी. मग वर्गात एका बाजूला निर्धोक झाडे आणि दुसऱ्या बाजूला विषारी झाडे, असा तक्ता टांगावा. वर्गातच एका खापरात गहू पेरावा. तो कसा वाढतो हे मुले पाहतील आणि घरी जाऊन मांजरासाठी पेरतील. जे मूल मांजराच्या तोंडात काय जाते इकडे लक्ष द्यायला शिकते, ते धाकट्या भावंडाच्या तोंडाकडेही लक्ष देते.

शेवटी एवढेच सांगतो. आमच्या त्या कबरीचे वाचलेले एक पिलू शेजारच्या काकूंनी मागून नेले आणि वाढवले. पुढे ते दोन्ही घरचे उंदीर मारीत असे. आईने कण्हेर काढली नाही. ती अजून फुलते. पण त्या वर्षापासून आमच्याकडे एक रिवाज पडला. आखाजीपूर्वी कुंपण छाटले, की आधी पाला उचलायचा, मगच हात धुऊन चहाला बसायचे. आणि रांजणापाशी एका खापरात उन्हाळाभर गहू हिरवा ठेवायचा. खर्च म्हणाल तर मूठभर गव्हाचा. हा रिवाज आपल्याही घरी सुरू व्हावा, आणि पुन्हा कोणाच्या घरी मांजरापायी शेजाऱ्यावर आळ येऊ नये, इतकीच इच्छा.